शिकागोचे तीन विजय जास्त

मार्च 2025 चा पहिला आठवडा. बेसबॉलचा मोसम 27 मार्चला जोरात सुरू होणार होता आणि तीस संघांच्या अंदाजाचा तक्ता आम्हाला पुण्यातून रात्री साडेआठला, म्हणजे शिकागोत सकाळी नऊला, ग्राहकाच्या हाती द्यायचा होता. दुपारी चारला संगणकावरच्या मॉडेलचा शेवटचा रन संपला. शिकागो व्हाइट सॉक्सपुढे आकडा होता: 60 विजय.

याच संघाने आदल्या मोसमात 162 पैकी 121 सामने गमावले होते. 1900 पासून एका मोसमात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आलेले नाहीत. त्यात सलग 21 पराभवांची एक रांग. वर डिसेंबरात त्यांनी आपला सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गॅरेट क्रोशे (उच्चार विणकामातल्या क्रोशासारखाच) बॉस्टनला देऊन चार तरुण खेळाडू घेतले. मग 41 वरून 60 कसे? कोड गंडलाय, असं टीममध्ये सगळ्यांचं मत पडलं.

गंडलं होतंच, पण ते भलतीकडे शोधत होते. मुळात एवढी सुधारणा दिसणं यात नवल नाही. 2024 मध्ये व्हाइट सॉक्सने 507 धावा केल्या आणि 813 दिल्या. धावांवरून किती विजय मिळायला हवे होते हे काढायचं तर केलेल्या धावांचा 1.83 वा घात घ्यायचा, दिलेल्या धावांचाही घ्यायचा आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर येतं 0.296, म्हणजे 48 विजय. प्रत्यक्षात मिळाले 41. उरलेले सात काही नशिबाने नेले, काही शेवटच्या इनिंगांमध्ये (सामन्यात त्या नऊ असतात) आघाडी घालवणाऱ्या पिचरांनी. आता या 48 मध्ये बरोबरीच्या संघाचे 70 सामने मिसळा, म्हणजे 35 विजय आणि 35 पराभव: 232 सामन्यांत 83. ते 162 वर आणलं की 58. हा आडाखा ढोबळ आहे, पण तळाला गेलेला संघ तिथेच राहत नाही एवढं तो नेमकं सांगतो. 1962 ला 40 विजयांवर थांबलेला न्यूयॉर्क मेट्स पुढच्या वर्षी 51 वर गेला. बाल्टिमोर 2018 ला 47 वर होता, नंतर 54 वर. डेट्रॉइटने तर 2003 च्या 43 वरून थेट 72 गाठले. मॉडेलने 45 दाखवले असते, तर मी जास्त घाबरलो असतो.

खटकलं ते वेगळंच. आमच्या सिम्युलेशनमध्ये मोसम दहा हजार वेळा खेळला जातो. प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो, म्हणून तीस संघांच्या विजयांची बेरीज कायम 2,430 येते. ती जुळली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण आत काहीही चुकलेलं असलं तरी ती जुळणारच. तपासायचा तो सिम्युलेशनच्या आधीचा तक्ता, त्यातही समायोजन करण्यापूर्वीचा. तिथे सगळ्यांनी केलेल्या धावा आणि सगळ्यांनी दिलेल्या धावा सारख्या हव्यात. पाच-सहाचा फरक चालतो. त्या दिवशी दिलेल्या धावा 37 ने कमी होत्या.

37 हा आकडा ओळखीचा वाटला. क्रोशेला आम्ही 165 इनिंग धरल्या होत्या. शस्त्रक्रियेमुळे 2022 पूर्ण वाया गेलेला, 2023 मध्ये जेमतेम काही इनिंग आणि 2024 मध्ये 146. त्यापुढे फार ताणायची हिंमत नव्हती. दर नऊ इनिंगला त्याच्या नावावर 3.2 धावा आणि त्याच्या जागी येईल त्या कामचलाऊ पिचरच्या नावावर 5.2. फरक दोनचा, 165 भागिले 9 गुणिले 2, साधारण 37. म्हणजे क्रोशे बॉस्टनकडूनही खेळत होता आणि शिकागोकडूनही.

कारण क्षुल्लक होतं. खेळाडूंच्या मुख्य यादीत अदलाबदल झाली होती, पण कोण किती खेळणार हा तक्ता वेगळा असतो आणि तो हाताने भरला जातो. नोव्हेंबरात कुणीतरी शिकागोच्या पहिल्या पिचरची ओळ लॉक करून ठेवली होती. नवी यादी आली तेव्हा लॉक केलेल्या ओळीला कुणी हात लावला नाही. इनिंगांची बेरीज तपासूनही ते सापडलं नसतं, कारण संघाच्या साडेचौदाशेच्या आसपास इनिंगांमध्ये जे उरेल ते प्रोग्रॅम कामचलाऊ पिचरांनी भरतो. क्रोशे आत आला की तेवढे कामचलाऊ आपोआप कमी होतात आणि बेरीज साळसूदपणे जुळते.

लॉक काढून पुन्हा रन टाकला. शिकागोने केलेल्या धावा 590, दिलेल्या 824, विजय 57. दहा धावांना एक विजय हा हिशेब मधल्या फळीतल्या संघांना लागू पडतो; एवढ्या मागे पडलेल्या संघाला एका विजयासाठी बारा धावा लागतात, म्हणून 37 धावांचे तीनच विजय झाले.

एकच खेळाडू दोन संघांत दिसला की रन थांबेल, अशी अट त्याच संध्याकाळी घातली. ती नावावरून घालता येत नाही. त्या वर्षी मॅक्स मन्सी नावाचे दोन खेळाडू होते, एक डॉजर्सचा आणि एक अ‍ॅथलेटिक्सचा. दोघांचा वाढदिवस 25 ऑगस्ट, फक्त जन्मवर्षं 1990 आणि 2002. नाव, तारीख आणि महिना जुळवणारा कोड इथे हमखास तोंडावर पडतो. खेळाडूचा क्रमांकच वापरावा लागतो.

साडेआठला 57 पाठवले. सोबत लिहिलं की दहापैकी आठ वेळा उत्तर 48 ते 66 मध्ये येईल. ग्राहकाला ही पट्टी फार रुंद वाटली. पण गुणवत्ता अगदी अचूक कळली तरी 162 सामन्यांत निव्वळ नशिबाने सहा विजय इकडे-तिकडे होतात. त्याला कुणाचाच इलाज नाही.

सप्टेंबरअखेर व्हाइट सॉक्सचा हिशेब लागला: 60 विजय, 102 पराभव. तंतोतंत आमच्या चुकलेल्या तक्त्यातला आकडा, आणि तोही क्रोशेशिवाय. तो बॉस्टनकडून 205 इनिंग टाकून 255 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करत होता. शिकागोत त्याची उणीव थोडीफार भरून काढली शेन स्मिथने. मिलवॉकीकडून ‘रूल 5’ ड्राफ्टमध्ये (इतर संघांच्या राखीव नसलेल्या खेळाडूंची निवड) उचललेला, तोवर वरच्या स्तरावर एकही सामना न खेळलेला हा पिचर जुलैत ऑलस्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, संघात आला. आमच्या तक्त्यात तो कामचलाऊंच्याच ओळीत होता.