मॉडेलला विचारून ऑपरेशन ठरवता येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी कॉम्प्युटरवर गुडघ्याची मॉडेलं करतो हे कळलं की एसीएल (मांडीचं हाड आणि नडगी गुडघ्यात आतून बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे एक लिगामेंट) तुटलेली माणसं हमखास विचारतात, माझा एमआरआय घ्या ना, ऑपरेशन करू की नको ते बघून सांगा. नाही सांगता येत. का नाही, ते नीट सांगतो.

एमआरआयवरनं हाडं, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), गादी (दोन हाडांच्या मधली, म्हणजे मेनिस्कस), लिगामेंट सगळं वेगळं काढता येतं, त्याचे हजारो बारीक तुकडे करून प्रत्येकाला त्याचा कडकपणा देता येतो, चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो तोही घालता येतो (कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून तो मोजलेला आहे, त्यामुळे ही हवेतली गोष्ट नाही). अडतं ते लिगामेंटच्या ताणावर. स्कॅनमध्ये एसीएल कुठून कुठे जातं ते दिसतं, पण ते त्या क्षणी किती ताणलेलं आहे हे दिसत नाही, तो आकडा आपल्यालाच अंदाजानं द्यावा लागतो. आणि तरुण माणसाचं एसीएल एकदा ताणाला आलं की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण 240 न्यूटन ओढ घेतं, म्हणजे माझा अंदाज एका मिलिमीटरनं हुकला तर उत्तरात चोवीसेक किलोचा फरक. एवढ्या फरकावर कुणाच्या पायाचा निर्णय मी तरी घेणार नाही.

मग उपयोग काय? तुलना. तोच गुडघा, तोच भार, फक्त एसीएल काढून टाकायचं आणि बघायचं. नडगीचं हाड पुढे सरकतं, आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग ते अडवायला लागतो, आणि हाडं एकमेकांवर टेकतात ती जागाच मागे जाते, जिथल्या कूर्चाला एवढ्या भाराची सवय नसते. पुढे काही वर्षांनी संधिवात का सुरू होतो याचं एक कारण इथे असावं असं मला मनापासून वाटतं. तसंच नवीन ग्राफ्ट (ऑपरेशनमध्ये एसीएलच्या जागी बसवतात तो पट्टा) जास्त घट्ट ओढला तर कूर्चावरचा दाब किती वाढतो, त्यासाठी हाडात पाडलेला बोगदा थोडा इकडे-तिकडे झाला तर काय, हे माणसावर करून बघायची गोष्टच नाही, मॉडेलवर मात्र रोज करता येतं.

आणि स्नायू? मॉडेलमधला मांडीमागचा स्नायू आम्ही सांगू तेवढाच ओढतो, तुमचा मात्र पाय टेकायच्या आधीच आवळतो किंवा आवळत नाही, म्हणून तर एसीएल नसूनही काहींचा गुडघा स्थिर राहतो आणि काहींचा साध्या वळणावर निसटतो.

तेव्हा डॉक्टरांना हातानं गुडघा तपासू द्या, तो निसटतो का, कधी निसटतो ते त्यांना खरंखरं सांगा, आणि गादीही फाटली आहे का हे आवर्जून विचारा, कारण फाटली असेल तर ठरवायला फार वेळ लावू नका.