आमचे केसपेपर वाचणार कोण?

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आम्हा डॉक्टरांना दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर ३० क्रेडिट पॉइंट लागतात. सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना जायचं, व्याख्यानं ऐकायची, सर्टिफिकेट घ्यायचं. या व्याख्यानांना मी नावं ठेवणार नाही, नवी औषधं आणि बदललेले डोस मला तिथेच कळतात. पण मी पेशंट कशी तपासते, सिझरचा निर्णय केव्हा घेते, केसपेपरवर काय लिहिते, हे स्वतःचं हॉस्पिटल सुरू केल्यापासून कुणी पाहिलेलंच नव्हतं. रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलात राहून पीजी करताना, सकाळच्या राउंडला सर विचारायचे, "हे का केलंस?" तालुक्याच्या गावात आपली पाटी लागली की असं विचारणारं कुणी उरत नाही. डॉक्टरचा हात आणि डोकं गंजायला सुरुवात तिथून होते, असं माझं ठाम मत आहे.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. तिकडे डिसेंबर २०१२ पासून रिव्हॅलिडेशन, म्हणजे डॉक्टरांची ठरावीक काळानं फेरपडताळणी आहे. दरवर्षी दुसऱ्या डॉक्टरसमोर बसून आपल्या कामाचा हिशेब द्यायचा, पाच वर्षांतून एकदा सहकाऱ्यांची आणि पेशंटची मतंही प्रश्नावलीतून गोळा करायची. कागदपत्रांना ती वैतागते, प्रश्नांना नाही.

मला केरळचं काम जास्त जवळचं वाटतं. २००४ मध्ये केरळ फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी या तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सरकारला सोबत घेऊन मातामृत्यूंची गोपनीय तपासणी सुरू केली. इंग्लंडमध्ये ही पद्धत १९५२ पासून आहे. कागदांवरून पेशंटचं, डॉक्टरचं, हॉस्पिटलचं नाव काढायचं, मग अनुभवी तज्ज्ञांनी ते वाचायचे. दोषी शोधायचा नाही. काय वेगळं केलं असतं तर ती बाई वाचली असती, तेवढंच पाहायचं. रक्तस्राव आणि वाढलेलं बीपी ही मोठी कारणं पुढे आली, आणि त्यांवरच प्रशिक्षणाचा भर दिला गेला. कुणालाही कोर्टात न खेचता हे झालं, याचं मला फार अप्रूप आहे.

कारण आपल्याकडे सगळं अडतं ते भीतीपाशी. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. पेशंटला दाद मागता आलीच पाहिजे, यात मला शंका नाही. पण तेव्हापासून केसपेपर म्हणजे कोर्टात दाखवायचा कागद, हेच आमच्या डोक्यात पक्कं बसलं. शिवाय शेजारचा डॉक्टर हा स्पर्धक. त्याला आपले कागद कोण दाखवणार?

म्हणून आम्ही जवळपासच्या तालुक्यांतल्या काही स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपल्यापुरती सुरुवात केली. एकाच गावातले दोघं गटात घ्यायचे नाहीत, हा पहिला नियम. रविवारी दुपारी आमच्यापैकी कुणा एकाच्या ओपीडीत जमायचं, नावांवर पट्टी चिकटवून काढलेल्या झेरॉक्स वाचायच्या, आणि निघताना त्या तिथेच फाडून टाकायच्या.

सुरुवात डिलिव्हरीच्या कागदांपासून केली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सर पार्टोग्राफवर, म्हणजे कळा आणि डिलिव्हरीची प्रगती नोंदवायच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारतात, "कळांची ड्रिप वाढवली तेव्हा कळा किती होत्या? इथे लिहिलेलं नाही." उत्तर देताना आपण त्या रात्री नेमका काय विचार केला होता, हे पुन्हा आठवावं लागतं. कुठल्याही व्याख्यानात ते होत नाही. पुढचा प्रश्न त्याहून साधा होता. "ब्लीडिंग नॉर्मल" असं सगळ्यांच्याच कागदावर होतं. मोजलं कुणी? ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. पण जास्त रक्त गेलं की डोळ्यांचा अंदाज बहुतेकदा कमीच निघतो, आणि रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड द्यायचं तर डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत. तेव्हापासून माझ्याकडे सिस्टर रक्त टिपलेले मॉप वजन करून आकडा लिहितात. लेबर रूममध्ये एक छोटा काटा आला, खर्च म्हणाल तर तेवढाच.

कौन्सिलनं अशा बैठकांनाही क्रेडिट पॉइंट द्यावेत आणि तिथे झालेली चर्चा कोर्टात पुरावा म्हणून वापरली जाणार नाही असं कायदेशीर संरक्षण मिळावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. ते होईपर्यंत आम्ही थांबणार नाही. पुढच्या बैठकीला बीपी वाढलेल्या पेशंटचे कागद घेणार आहोत: झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट कधी सुरू केलं, रेफर करायचं कधी ठरवलं, अॅम्ब्युलन्स किती वेळानं निघाली. आसपासच्या तालुक्यांतल्या कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा. येताना स्वतःचे दोन केसपेपर आणा, नावं झाकून.