मक्याचा उरलेला नत्र कोण खातंय: रब्बीची नोंद

खरिपात मका लावला तेव्हाच ठरवलं होतं, रब्बीत त्याच रानात तीन पिकं शेजारी-शेजारी घेऊन बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम, तपासायचा. पाच गुंठ्यांतल्या मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राच्या हिशोबाने सव्वातेरा किलो युरिया हप्त्याहप्त्याने दिला, लगतचे पाच गुंठे युरियाविना ठेवले. आता दोन्हींवरून आडवे पट्टे काढलेत: हरभरा, गहू, करडई. रब्बीत नत्र कुणालाच नाही.

खरी मजा हरभऱ्यात आली. वाफसा बघून खुरप्याने ढेकळासकट रोपं काढली आणि बादलीत भिजत घातली. ओढून काढली की मुळांवरच्या गाठी, म्हणजे हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची घरं, मातीतच राहतात. बिनयुरियाच्या मुळांवर टपोऱ्या गाठी, नखाने फोडली की आत गुलाबी, म्हणजे काम चालू. युरियाकडच्या मुळांवर मोजक्याच, बारीक, काही आतून पांढरट. वरून दोन्हीकडचा हरभरा सारखाच हिरवा! आयतं नायट्रेट (मुळांना थेट घेता येणारा नत्र) मिळाल्यावर हे पीक जिवाणूंना कशाला पोसेल? शिल्लक नत्र कामी आला, पण हवेतला तेवढा कमी बांधला गेला. माझ्या मते असं रान हरभऱ्याला देणं म्हणजे उधळपट्टी.

गहू दोन्हीकडे सुरुवातीला पिवळटच होता. मक्याची धसकटं गाडलेली, ती कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र आधी स्वतःच उचलतात. फुटवे आल्यावर पर्णरंग तक्ता लावला (पानाच्या हिरवेपणावरून नत्र जोखायची पट्टी, आकडा जास्त तितकं पान गडद; मूळ भातासाठीचा, मी फक्त तुलनेपुरता वापरतो). युरियाकडे पान चारच्या जवळ, दुसरीकडे तीन. फरक आहे, पण त्यावर विसंबून गव्हाचा हप्ता वगळावा इतका नाही.

आकड्यांतही तेच दिसतं. नत्र-१५ या जड समस्थानिकाने खताला खूण करून जे प्रयोग झालेत, त्यांत आधीच्या खतातला सहसा दहा टक्क्यांहून कमी नत्र पुढच्या पिकाला मिळतो. माझ्या सहा किलो नत्रातले पाच टक्के धरले तर तीनशे ग्रॅम, म्हणजे साडेसहाशे ग्रॅम युरिया. बाकीचा मक्याने नेला, काही सेंद्रिय पदार्थात अडकला, काही अमोनिया होऊन उडाला, काही पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरला. भारी काळ्या रानात पाणी तुंबलं की काही वायू होऊनही जातो. मका पावसाअभावी गेलेला असेल तर गोष्ट वेगळी, मग बरंच नायट्रेट पडून राहतं.

खाली उतरलेल्यासाठीच करडई लावलीय. तिचं सोटमूळ मीटरभराच्या खाली सहज जातं. लहानपणी दोन्हीकडची रोपं एकसारखी होती; आता खोड वर निघाल्यावर युरियाकडची पानं रुंद दिसताहेत. खोलवरचं नायट्रेट हाती लागलं असावं, असा माझा अंदाज. पट्ट्याच्या कडेला खड्डा घेऊन मुळं बघायचीत, तेही काटे कडक व्हायच्या आत. मळणीला सहाही तुकड्यांचं धान्य वेगवेगळं तोलणार आहे.