हवेचा तंबू, बॉरोडेल आणि आई

शुक्रवार, रात्री

लीड्सहून दुपारी निघालो ते सहाच्या सुमारास बॉरोडेलला, उत्तर इंग्लंडमधल्या एका दरीत, पोहोचलो. केझिक मागे पडलं की रस्ता डर्वेंटवॉटर तळ्याच्या कडेने दरीत शिरतो आणि एवढा अरुंद होतो की समोरून बस आली तर गाडी दगडी गडग्याला खेटून उभी करावी लागते. आई म्हणाली, "यापुढे आपला पसरणीचा घाट म्हणजे हायवे."

मे संपत आलाय, साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नव्हती. ताडपत्री अंथरली, वारा कुठून येतोय ते बघून दार उलट्या बाजूला केलं, कोपऱ्यांच्या मेखा ठोकल्या आणि तंबूच्या नळ्यांत हवा भरायचा पंप काढला. पंप मारायचं काम थोरलीचं. दांडा वर ओढतानाही हवा भरते, खाली दाबतानाही. हवेच्या दाबाचा काटा 7 पीएसआयवर आला की ती थांबते, नळीला टिचकी मारून बघते आणि पुढच्या नळीकडे वळते. एकेक कमान उभी राहत गेली तशी आई जवळ आली. "आत काठी नाही? एकपण नाही?" कापडाच्या जाड खोळीत प्लास्टिकची लांब नळी आणि तिच्यात नुसती हवा, एवढंच. तिने दोन्ही हातांनी दाबून बघितलं.

मग ती आत गेली, सरळ चालत, न वाकता. हा तंबू घेताना माझ्या डोळ्यांसमोर हेच होतं. तिच्या गुडघ्यांमुळे तिला खाली वाकून, रांगत कुठे शिरणं शक्यच नाही. मधल्या खोलीची उंची दोन मीटरच्या वर आहे, झोपायच्या खोल्या तीन, आणि तिच्या खोलीत घडीची खाट मावते. तीसेक किलोचं ते गाठोडं गाडीची अर्धी डिकी खातं, पैसेही भरपूर पडले, हे सगळं खरं. पण आई वाईहून सहा महिन्यांसाठी येते आणि त्यातले सगळे शनिवार-रविवार तिने घरातल्या सोफ्यावर काढावेत, हे मला पटत नव्हतं.

शनिवार

पहाटे आईने हाक मारली, "अगं, गळतंय." खिडकीच्या प्लास्टिकवर आतून थेंबच थेंब होते. ते पावसाचं पाणी नव्हतं, पाच माणसांचा रात्रभरचा श्वास गार कापडाला लागून जमला होता. म्हणूनच थंडी वाजली तरी वरचे झरोके बंद करायचे नसतात. गारठ्यात नळ्यांतली हवाही आक्रसते, सकाळी कमान बोटाने जरा दबते. उन्हं आली की आपोआप पुन्हा कडक होते. कडक ऊन असेल तेव्हा उलट थोडी हवा सोडावी लागते.

दहाला पाऊस लागला तो लागलाच. या दरीच्या टोकाला सीथवेट आहे, इंग्लंडमधली सर्वांत जास्त पावसाची वस्ती, वर्षाला सुमारे 3,500 मिलिमीटर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "महाबळेश्वराला याच्या दीडपट पडतो." बरोबरच आहे तिचं. फरक एवढाच, की तिथला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. पलीकडच्या हॉनिस्टर खिंडीत मात्र 2015 च्या डिसेंबरात चोवीस तासांत 341.4 मिलिमीटर पडला होता, ब्रिटनमधला तो विक्रम आहे. हे ऐकल्यावर तिने मान हलवली. तेवढा मान तिने दिला.

इंग्लंडातल्या सुट्टीत पाऊस गृहीत धरूनच तंबू घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. झोपायला जागा कोणत्याही तंबूत मिळते. दिवसभर पाऊस पडत असताना पाच माणसांना एकमेकांवर न खेकसता बसता आलं पाहिजे, त्यासाठी मधली खोली लागते. आज आम्ही तिथे सतरंजीवर बदाम सात खेळलो. धाकट्याने सत्त्या दाबून ठेवल्या तर आजीने बरोबर ओळखलं. घरी ती दोन्ही मुलं आपापल्या खोलीत असतात, आजी खालच्या मजल्यावर. इथे मध्ये फक्त कापडाचा पडदा. रात्री दिवा मालवल्यावर आई पडद्याआडून कृष्णेच्या पुराची गोष्ट सांगत होती आणि दोन्ही खोल्यांतून प्रश्न येत होते.

दुपारी मात्र तिच्याशी वाद झाला. पिठलं करायचं होतं आणि शेगडी आत घेऊ या म्हणून ती अडून बसली. "दारात ठेव, पाऊस लागतोय तुला." मी ऐकलं नाही. गॅसची शेगडी असो नाहीतर कोळशाची, बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि विझत आलेले, गार वाटणारे कोळसेसुद्धा तो सोडत राहतात. ऊब राहील म्हणून तसली शेगडी रात्री आत घेतलेली माणसं झोपेतच गेली आहेत. चारी बाजूंनी मोकळी ताडपत्री वेगळी बांधून तिच्याखालीच पिठलं केलं. गॅसचा अलार्म झोपायच्या जागी टांगलेला असतोच, पण तो आहे म्हणून आत चूल पेटवायची नाही. आईला हे पटायला वेळ लागला. पटलं.

रविवार

रात्री वारा सुटला. कमानी वाकत होत्या आणि झोत ओसरला की परत उभ्या राहत होत्या. ताणाचे दोर नवऱ्याने झोपण्याआधी एकूण एक बांधले होते. हवेचा तंबू दोरांशिवायही उभा राहतो, म्हणून बरेच जण ते बांधतच नाहीत. वाऱ्यात त्यांचीच गरज असते. शेजारच्या तंबूची फायबरग्लासची काठी दोनच्या सुमारास मोडली. त्यांच्या दोघी मुली उजाडेपर्यंत आमच्या मधल्या खोलीत झोपल्या. आईने अंगावरची गोधडी त्यांना दिली आणि स्वतः शाल पांघरून बसून राहिली.

सकाळी त्या मुलींच्या बाबांनी विचारलं, एवढा मोठा तंबू घेऊन जागा मिळते का? मिळते, पण आधी मोजमाप सांगावं लागतं. दोन तंबूंमध्ये आगीच्या भीतीने सहा मीटर अंतर ठेवतात, काही ठिकाणी मोठा तंबू घेतच नाहीत. आणि डोंगरावर मोकळं राहायचं असेल तर हा कामाचाच नाही. इथल्या कॅम्पिंग क्लबची सुरुवात 1901 मध्ये थॉमस होल्डिंग नावाच्या शिंप्याने केली. तो सायकलवर मावेल असा तंबू घेऊन फिरायचा. हलकं सामान घेऊन हिंडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मुलं मोठी झाली की त्यांनी तसंच फिरावं. पण सायकलवरच्या तंबूत आजी मावत नाही.

मंगळवार, घरी

काल निघताना सगळं ओलंच गुंडाळलं, दुसरा इलाज नव्हता. ओला तंबू पिशवीत चार दिवस राहिला की बुरशी धरते, मग तो कुबट वास काही केल्या जात नाही. आमचं परसदार लहान, त्यामुळे बाहेरचं कापड दोरीवर, झोपायच्या खोल्या जिन्याच्या कठड्यावर आणि तळाची ताडपत्री खुर्च्यांवर, अशी विभागणी झाली. आई सकाळपासून त्यात आहे. पापड वाळत घातल्यासारखी तासातासाने बाजू पालटते, शिवणीवरून हाताची मागची बाजू फिरवते. मला कोरडं वाटलेलं कापड तिने दोनदा परत दोरीवर टाकायला लावलं. कोपऱ्यात जिथे नळीची खोळ शिवलेली आहे तिथे खरंच ओल होती.

ऑगस्टमध्ये पेंब्रोकशरला जायचंय, पण तोवर आई वाईला परतलेली असेल. म्हणून जूनमध्ये मॅलमची जागा आज घेऊन टाकली. इथून फार लांब नाही, आणि तिथल्या चुनखडीच्या कड्याच्या पायथ्यापर्यंत सपाट वाट आहे, आईला चालता येईल. या वेळी शेगडीसाठी मोठी ताडपत्री घेऊ, असं तिनेच सुचवलंय.