लंडनमध्ये मुरलेल्या वाइनच्या शोधात

नाशिकमध्ये राहत असल्यामुळे द्राक्षाचे वेल, जानेवारी ते मार्चमधील तोडणी आणि वाइनरीतील चव-चाचणी यांचे मला अप्रूप राहिलेले नाही. तरी आपल्याकडील बहुतेक वाइन तरुणपणीच संपवल्या जातात आणि दहा-वीस वर्षे मुरलेली वाइन चाखण्याची संधी क्वचितच मिळते, ही रुखरुख होती. म्हणून लंडनला मावसबहिणीकडे जाण्याचा बेत मी मुद्दाम नोव्हेंबरात आखला. १९७५ पासून निघणाऱ्या ‘डिकँटर’ या मासिकाचा ‘फाइन वाइन एन्काउंटर’ हा चव-सोहळा त्या सुमारास लँडमार्क हॉटेलात भरत होता. तो केवळ व्यापाऱ्यांसाठी नसतो, तिकीट काढून कोणालाही जाता येते. मात्र तारीख आणि ठिकाण त्या त्या वर्षी तपासूनच विमानाचे तिकीट काढावे.

हॉटेल मेरिलबोन स्थानकाच्या अगदी समोर आहे आणि बेकर स्ट्रीटवरूनही चालत जाता येते. १८९९ साली रेल्वेच्या सुवर्णकाळात उभारलेल्या या इमारतीच्या मध्यभागी काचेचे छत असलेला आठ मजली उंच चौक आहे. आत शिरताच हाती एक पेला मिळतो आणि दालनांत देशोदेशींच्या उत्पादकांची टेबले मांडलेली दिसतात. इथेच नवखा माणूस गोंधळतो, कारण तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादात प्रत्येक टेबलापाशी थांबावेसे वाटते.

हिशेब साधा आहे. एका वेळी साधारण २५ मिलिलिटर वाइन ओतली जाते असे धरले, तर चाळीस वाइनचा एक लिटर होतो, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीहून जास्त. त्यामुळे प्रत्येक टेबलावर ठेवलेल्या पिकदाणीत थुंकणे हा तेथील शिष्टाचारच आहे. ‘येथे थुंकू नये’ अशा पाट्या वाचत वाढलेल्या मला प्रारंभी फार संकोच वाटला, आणि पहिल्या प्रयत्नात स्वतःच्याच ओढणीवर शिंतोडे उडाले. घरी आदल्या दिवशी पाण्याने सराव करावा, गडद रंगाचे कपडे घालावेत आणि अत्तर लावू नये. आपल्या अत्तराचा त्रास शेजाऱ्याला वाइनपेक्षा अधिक होतो.

मी एकच प्रश्न घेऊन फिरायचे ठरवले होते: मुरल्यामुळे वाइनमध्ये नेमके काय बदलते? सुरुवात शँपेनने केली. एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेली शँपेन किमान तीन वर्षे तळघरात ठेवावी लागते. बाटलीतील मृत यीस्टच्या सहवासाने तिला भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखा वास येतो. शेजारीच इंग्लंडच्या दक्षिण भागातील फेसाळ वाइन होत्या. तेथेही खडूसारखी चुनखडीची जमीन आणि त्याच जातींची द्राक्षे असल्यामुळे तुलना सोपी झाली. इंग्लिश वाइन मला अधिक आंबट आणि अधिक ताठ वाटली.

खरा धक्का जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातील रिसलिंगने दिला. पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर पिकणाऱ्या या द्राक्षाची जुनी वाइन नाकाजवळ नेताच मला चक्क रॉकेल आठवले. हा दोष असावा असे वाटून मी पेला परत करणार होते, पण वाढणाऱ्या बाईंनी सांगितले की हे जुन्या रिसलिंगचे ओळखचिन्हच मानले जाते. जिभेवर मात्र लिंबाच्या सरबतासारखा गोडव्याला तोलून धरणारा आंबटपणा होता, आणि तोच तिला इतकी वर्षे टिकवतो.

लाल वाइनच्या टेबलांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. इटलीची बारोलो किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विक्रीस काढता येत नाही आणि त्यांपैकी १८ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. स्पेनमधील रिओहा भागाच्या, सर्वांत जास्त मुरवल्या जाणाऱ्या लाल ‘ग्रान रेसेर्वा’ वाइनला किमान पाच वर्षे लागतात, पैकी दोन ओकच्या पिंपात. दोन्हीकडे दीर्घकाळ मुरवण्याचा नियम असला तरी परिणाम अगदी निराळे होते. तरुण बारोलोने कच्चा आवळा चावल्यासारखे तोंड आवळले, तर जुन्या बारोलोत तुरटपणा मऊ होऊन वाळलेला गुलाब आणि डांबर यांचा विचित्र, पण मोहक वास राहिला. रिओहा लवकर मवाळ होते. तिच्यात ओकमुळे आलेला व्हॅनिलाचा गंध आणि वाळलेल्या अंजिराची चव होती. बारोलो मला वरचढ वाटली, पण ती रिकाम्या पोटी चाखण्याची वाइन नव्हे.

शेवटी गोड वाइन घेतल्या. हंगेरीची टोकाई असू बुरशीने सुकलेल्या, एकेक वेचलेल्या द्राक्षांपासून करतात आणि तिच्यात लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असते, तरी आंबटपणामुळे ती कुठेच चिकट लागली नाही. जर्दाळूचा मुरांबा पातळ करून प्यावा तशी ती होती. पोर्तुगालची वीस वर्षांची टॉनी पोर्ट अक्रोड आणि खजुराकडे झुकणारी होती.

जाणाऱ्यांनी भरपेट न्याहारी करावी, दर दोन-तीन वाइननंतर पाणी प्यावे आणि वहीत दोन शब्द तरी लिहावेत, कारण संध्याकाळी लेबलांची छायाचित्रे सगळी सारखीच दिसतात. हलक्याकडून जड वाइनकडे जाण्याचा क्रम चांगला असला, तरी एखादी दुर्मीळ जुनी बाटली हवीच असेल, तर तिच्याकडे सकाळीच जावे. ती दुपारपर्यंत संपते. उत्पादकांच्या मार्गदर्शनाखाली होणाऱ्या खास सत्रांचे तिकीट वेगळे असते आणि ते आधीच काढावे लागते. त्या दिवशी गाडी चालवू नये.

भारतात परतताना एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते. मी एक बारोलो आणि एक रिसलिंग दुकानातून विकत घेऊन, लोकरी मोज्यांत गुंडाळून, तपासणीला दिलेल्या बॅगेतून आणली. दोन्ही नाशिकच्या घरात कपाटाच्या सर्वांत थंड कोपऱ्यात आडव्या ठेवल्या आहेत. एप्रिल-मेचा उन्हाळा सोसेल की नाही याची खात्री नसल्याने रिसलिंग याच थंडीत उघडायचे ठरले आहे.