कढीपत्त्याची पावती

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या व्हिसाच्या ऑफिसात लोक अमेरिकेचा व्हिसा झाला की पेढे घेऊन येतात. मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हचा कारखाना असलेले हे काका मात्र तक्रार घेऊन आले. तिकडे उतरलं की इमिग्रेशनच्या रांगेत पायांचे तुकडे पडतात, आणि विमानात शेजारी बसलेला माणूस मशीनला तोंड दाखवून केव्हाच बाहेर. "ते जे काय असतं ते मला आणि हिला करून दे. लागतील ते पैसे घे."

ते जे काय असतं त्याला ग्लोबल एंट्री म्हणतात. भारतीय नागरिकांना 2017 पासून ते खुलं आहे. फी 120 डॉलर, अर्ज नामंजूर झाला तरी परत मिळत नाही. मिळालं तर पाच वर्षं चालतं. त्यात माझ्या ओळखीचा काही उपयोग नाही, हे मी आधीच सांगून टाकते. रांग वाचते, कारण तपासणी आधीच उरकलेली असते. तिकडचे अधिकारी तुमची माहिती चाळतात, इकडे पासपोर्ट सेवेमार्फत पोलिसांची पडताळणी होते, मग मुलाखत.

पोलिसांचं नाव निघालं आणि काका खुर्चीत सावरून बसले. काकूंना म्हणाले, "तू जरा बाहेर चहाचं सांग ना." काकू हलल्या नाहीत.

शेवटी निघालं ते असं. कॉलेजात असताना सूरसागर तलावावर विसर्जनाला जाताना दोन मंडळांत बँडवरून जुंपली होती, आणि पोलिसांनी काकांसकट दहा-बारा पोरांवर केस घातली होती. पुढे सगळे निर्दोष सुटले. काका आवाज खाली आणून म्हणाले, "हे लिहायचं का? चाळीस वर्षं झाली, कोण बघतंय?" मी म्हटलं, कोर्टाच्या निकालाची नक्कल काढा, विचारतील तिथे सरळ सांगा. शिक्षा झालेला किंवा खटला चालू असलेला माणूस यात बसत नाही. सुटलेल्याची गोष्ट वेगळी. पण खोटी किंवा अर्धवट माहिती दिली, तर तेवढ्यावरच अर्ज जातो. आमच्या धंद्यात 'लिहू नका, कळत नाही' म्हणणारे कमी नाहीत. त्यांच्या गिऱ्हाइकांना पुढे काय होतं, ते विचारायला मात्र लोक माझ्याकडे येतात.

मग काकूंचा अर्ज. मी ओळीने प्रश्न वाचत गेले. कुठल्या देशाचा कस्टमचा नियम मोडल्याबद्दल कधी दंड झालाय?

काका हसले, "हिला? अगं, ही तिकिटाशिवाय बागेतसुद्धा जात नाही."

काकूंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून घड्या पडलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तीनशे डॉलरच्या दंडाची पावती. मुलीच्या बाळंतपणाला एकट्या गेल्या होत्या तेव्हाची. मेतकूट, डिंकाचे लाडू, कस्टमवाल्यांनी सगळं जाऊ दिलं. पण चिवड्याच्या डब्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला ताजा कढीपत्ता होता, आणि फॉर्मवर वनस्पती-भाजीपाल्यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं.

"पैसे कोणी भरले?" काकांचा पहिला प्रश्न.

"जावयांनी. आणि तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

या पाल्याचं इतकं काय, असं काकांना वाटणं साहजिक होतं. पण कढीपत्त्यावर सिट्रस सायलिड नावाची बारीक कीड वाढते आणि तीच संत्र्या-मोसंबीच्या झाडांना ग्रीनिंगचा रोग लावते. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा त्याने पार खाल्ल्या. म्हणून प्रवाशाच्या बॅगेतून ताजा कढीपत्ता नेऊ देत नाहीत. बॅगेत काय आहे ते सांगितलं असतं तर जुडी काढून घेतली असती, बहुधा एवढंच. दंड होतो तो लपवल्याचा. आणि ग्लोबल एंट्रीच्या अपात्रतेच्या यादीत कस्टम, इमिग्रेशन आणि शेतीविषयक नियम मोडणं हे गुन्ह्याच्याच पंक्तीला बसलेलं आहे.

म्हणजे केस झालेले काका तरण्याची शक्यता होती, आणि आयुष्यात रांग न मोडलेल्या काकू अडकण्याची. काका बराच वेळ पावतीकडे पाहत राहिले. रागावले नव्हते; मला तर वाटतं, जरा सुखावलेच होते.

मी म्हटलं, खरं लिहून अर्ज करता येईल, निर्णय त्यांचा. काकूंनी हिशेब केला: परत न मिळणारे 120 डॉलर. "नको गं. त्यात गव्हर्नमेंटने बोलवून परत तेच विचारायचं."

आपल्याकडच्या विमानतळांवर इमिग्रेशनची रांग वाचवणारी अशीच योजना आहे, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम. ती त्यांना बसत होती. जून 2024 मध्ये दिल्लीला सुरू झाली, जानेवारी 2025 पासून अहमदाबादलाही आहे. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक), फी काही नाही. ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे आणि चेहरा विमानतळावर देता येतो, मग आपोआप उघडणारं ई-गेट. पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, जे आधी संपेल तोवर. दोघांचे अर्ज तिथल्या तिथे भरले.

निघताना काकांना एकदम सुचलं. ग्लोबल एंट्री ज्याची त्याची असते, बायकोला सोबत नेता येत नाही. "म्हणजे मी पाच मिनिटांत बाहेर, आणि ही मागे रांगेत?"

"जा की पुढे," काकू पावती पुन्हा पर्समध्ये ठेवत म्हणाल्या. "पट्ट्यावरून बॅगा उतरवून ठेवा. मी येईपर्यंत तेवढं होईल तुमच्याच्याने."