अकरा तास मोजणाऱ्या बाई

गेल्या मंगळवारी मला इथल्या, जर्मनीतल्या ऑफिसातून घरी हाकललं. नोकरी गेलेली नाही. (आई, तू वाचत असशील तर पुन्हा सांगतो, खरंच गेलेली नाही.)

एका गोदामाचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं काम गेले नऊ महिने माझ्या गळ्यात आहे. सोमवारी संध्याकाळी डेटा हलवायचा होता. मालाच्या साठ्याचे आकडे काही केल्या जुळेनात. पुण्याच्या टीमला कॉलवर घेऊन बसलो ते रात्री 11:40 पर्यंत. शेवटी जुळले एकदाचे. मंगळवारी सकाळी सव्वाआठला मी ऑफिसात हजर. खोटं कशाला बोलू, थोडं मिरवायलाच लवकर गेलो होतो. रात्रभर जागून कालच्याच शर्टात सकाळच्या मीटिंगला उभ्या राहणाऱ्याकडे हिंजवडीत लोक कसे बघतात, हे तिथे काम केलेल्यांना सांगायला नको.

कॉफीच्या मशीनपाशी आमच्या टेस्टिंगच्या बाई भेटल्या. निवृत्तीला आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. ‘काल किती वाजता संपलं?’ मी कॉलर ताठ करून सांगितलं. त्या बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. मला वाटलं, आता कौतुक. तर म्हणतात, ‘म्हणजे दहा चाळीस. तोवर तू इथे असायला नको.’

जर्मनीच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते. दिवसाला काम 8 तास, फार तर 10, आणि तेही सहा महिन्यांत सरासरी 8 वर आणायचं. मोडलं तर कंपनीला 30,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. अगदी वरच्या साहेबांना हे लागू नाही. मी तेवढा साहेब नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, नोकरीला लागलो तेव्हा सांगितलंही होतं. पण आपण नियम कसे ऐकतो? विमानात सीटबेल्टची सूचना ऐकतो तसे.

मी म्हटलं, साडेआठची मीटिंग मीच लावलीय. त्या म्हणाल्या, ‘मग तूच ती पुढे ढकलू शकतोस.’ अकराला ढकलली. नऊ जणांतल्या एकानेही कारण विचारलं नाही, हे जास्त लागलं. माझ्यावाचून अडलेलं नव्हतं. नऊ महिने राबवलेल्या प्रोजेक्टचा मॅनेजर मी, आणि मला शाळेत लवकर आलेल्या पोरासारखं फाटकाबाहेर उभं केलं. चिडचिड झाली. या लोकांना आगीचं गांभीर्यच नाही, घर जळत असलं तरी घड्याळ बघतील, वगैरे बरंच मनात बोलून झालं.

कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन बसलो. ब्रेत्सेल (इथला पीळ दिलेला खारा पाव) घेतला, फोन काढला (तेही कामच, पण बाई बघत नव्हत्या). पुण्याच्या ग्रुपवर तिकडच्या टीमलीडचा मेसेज होता: ‘सकाळचे आकडे परत तपासले, सगळं ओके.’ पुण्याच्या वेळेनुसार 9:05. आमचा कॉल संपला तेव्हा तिच्याकडे पहाटेचे 3:10 वाजले होते. मीही बोटांवर मोजलं. सहा तास भरत नव्हते. त्यात तिचं लेकरू पहिलीत, म्हणजे सातला डबा.

तिला कोणी हाकललं नव्हतं. मी तर ‘ग्रेट जॉब’ लिहून अंगठा टाकला होता.

सहा वर्षांपूर्वी मी तिच्या जागी होतो. हिंजवडी फेज दोन, रात्री दोनला वाकडच्या पुलाखालून घरी, सकाळी पुन्हा त्याच ट्रॅफिकमध्ये. तक्रार नव्हती, उलट अभिमान होता. आजही थोडा आहे. आम्ही प्लॅन करायचो तेव्हा प्रत्येक कामाला अंदाजे दिवस लिहायचो, साहेब त्यातले दोन कापायचे, आणि प्रोजेक्ट तरीही वेळेत जायचं. कसं? ते कापलेले दोन दिवस लोकांच्या झोपेतून निघायचे. आमच्या एक्सेलमध्ये त्याचा कॉलम नव्हता.

इथे ती सोयच नाही. ओव्हरटाइम हवा तर कामगारांच्या निवडलेल्या समितीला आधी विचारावं लागतं, आणि आधी विचारायचं म्हणजे आधी कळायला हवं. म्हणून अंदाज सांगताना लोक खरं बोलतात. ‘तीन आठवडे’ म्हटलं की तीन आठवडे. पहिल्या वर्षी मी सवयीने त्याचे दोन करून पाठवले होते, तर त्याच बाईंनी विचारलं, ‘यातला कोणता आठवडा आपण करणार नाही आहोत?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे. मीटिंगची टिपणं आपोआप लिहिणारं एआयचं नवं टूल तर याच समितीकडे पाच महिने पडून आहे. कोण किती बोललं हे त्यातून कळतं, म्हणजे माणसांवर नजर ठेवता येते, म्हणजे त्यांची परवानगी हवी. पुण्यात ते एका दुपारी सुरू झालं. तिथली टिपणं मला मिळतात, इथली मी हाताने लिहितो.

पण लगेच जर्मन लोकांची आरती नको. मी रोज स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनात उतरतो आणि एका भल्यामोठ्या खड्ड्याला वळसा घालून बाहेर पडतो. नव्या भुयारी स्टेशनाचं काम 2010 मध्ये सुरू झालं, 2019 मध्ये गाड्या सुटायच्या होत्या. 2009 च्या करारात खर्च साडेचार अब्ज युरोपर्यंत धरला होता, तो 11 अब्जांच्या पुढे गेलाय. बर्लिनचा विमानतळ तर 2012 च्या जूनमध्ये उघडायचा म्हणून आमंत्रणं गेली, महिनाही उरला नसताना आगीच्या धुराची यंत्रणा तयार नाही म्हणून थांबला, आणि 2020 च्या ऑक्टोबरअखेरीस उघडला. सगळे जण 11 तास नीट झोपून. तेव्हा आम्हाला शिकवू नका, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोललोही. सगळे हसले. बाई म्हणाल्या, ‘खरंय.’ वाद घालायला कोणी उरलंच नाही.

वारं दोन्हीकडे एकाच दिशेने वाहतंय म्हणा. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात दिवसाचे 9 तास होते, मंत्रिमंडळाने 2025 मध्ये त्याचे 10 करायला मंजुरी दिली. त्याच वर्षी इथल्या सरकारच्या युती करारात दिवसाच्या मर्यादेऐवजी आठवड्याची मर्यादा आणायचं लिहिलंय. बाई म्हणतात, तोवर मी निवृत्त.

आता दुसऱ्या गोदामाचा प्लॅन करतोय. या खेपेला डेटा पहाटे हलवायचं ठरवलं. इथे साडेतीन म्हणजे पुण्यात सकाळचे सात, सगळे ताजे. गोदामवाले म्हणाले, सहाला आमची पाळी सुरू होते, अडीच तासांत होणार असेल तर करा. होणार नाही. शनिवार मागितला तर समितीची परवानगी, रविवारी तर दारच बंद. म्हणजे पुन्हा संध्याकाळ, पुन्हा आठ ते बारा. इकडच्या लोकांच्या दोन तुकड्या केल्या, दुसऱ्या दिवशी कोण किती वाजता येणार तेही लिहिलं. बाईंनी बोटांवर मोजून पास केलं. पुण्याचं वेळापत्रक त्यांच्याकडे तपासायला जात नाही, तो वेगळ्या कराराचा भाग आहे, आणि तो करार मी केलेला नाही.

पुण्याच्या रकान्यात मी मुद्दाम दोन नावांची जागा ठेवून शीट पाठवली. रात्री एक, सकाळी दुसरं. काल भरून आली. दोन्हीकडे तिचंच नाव आहे.